साहेबांच्या टेबलावरचा बत्तीस कोअरवाला

दाखले देणाऱ्या त्या कार्यालयात प्रत्येक वस्तू हुद्द्याप्रमाणे मिळे. कारकुनाला लाकडी खुर्ची, हेडक्लार्कला गादीची, मोठ्या साहेबांना फिरणारी. अशा शिस्तीच्या ठिकाणी नवे कॉम्प्युटर आले आणि साहेबांच्या जिवाला घोर लागला. बत्तीस कोअरचा, म्हणजे बत्तीस हातांनी राबणारा, सर्व्हर प्रोसेसर जिन्याखालच्या अडगळीत जाणार होता. साहेबांच्या वाट्याला आठ कोअरचा साधा डेस्कटॉप.

"अडगळीला बत्तीस आणि मला आठ? उद्या उपसाहेब माझी खोलीही मागतील," साहेब म्हणाले.

कॉम्प्युटरवाल्या बाईंनी परोपरीने समजावलं. सर्व्हरवाला शेकडो लोकांची कामं एकदम उरकतो, रात्रंदिवस न थकता चालतो, मेमरीत झालेली बारीक चूकही सावरून घेतो. पण एकट्याने एक पत्र लिहायचं तर डेस्कटॉपवालाच चपळ. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि अदलाबदलीचा हुकूम काढला.

साहेबांचं पत्र आता सावकाश उघडू लागलं. ते त्यांना भारदस्त वाटलं. जिन्याखालच्या बिचाऱ्या आठ कोअरवाल्याला मात्र दाखल्यांच्या खिडक्यांवरची गर्दी झेपेना. दुपारीच त्याने मान टाकली. लोक खवळले. तेव्हा उपसाहेबांनी अत्यंत नम्रपणे सुचवलं, की सगळे दाखले साहेबांच्याच मशीनवरून काढावेत. अख्खं कार्यालय आपल्या टेबलावरून चालणार म्हटल्यावर साहेब विरघळले.

मग नियम आले. मशीनला गारवा हवा, म्हणून साहेब कानटोपी घालून बसू लागले. पंख्यांची घरघर एवढी, की फोनवर ते नुसतं हो हो म्हणत. सांडेल म्हणून चहा बंद. दार उघडलं की धूळ, म्हणून भेटी बंद. शेवटी साहेबांचं कोपर वायरीला लागलं आणि सगळ्या खिडक्या ठप्प झाल्या. उपसाहेबांनी जड अंतःकरणाने वर कळवलं. वरून हुकूम आला: यंत्राच्या सुरक्षिततेसाठी साहेबांना जिन्याखाली हलवावे.

तिथल्या आठ कोअरवाल्यावर पत्र क्षणात उघडलं. साहेबांना रडूच आलं.

"बाई, वरची खोली माझीच आहे ना अजून?"

"दारावर पाटी तुमचीच आहे, साहेब."

दाखले वेळेवर निघत होते, त्यामुळे कुणी चौकशीही केली नाही. तुम्ही नव्हता का मागे तिथे गेला? शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत. आतली घरघर ऐकून तुम्ही बंद दाराला वाकून नमस्कार केलात आणि घरी येऊन सांगितलंत, इतका कामसू साहेब उभ्या जन्मात पाहिला नाही.