काच न ठोठावणारी माणसं

थंडी ही समिती नेमल्याशिवाय आटोक्यात येत नाही, हे आता सर्वमान्य आहे. म्हणूनच लिलेहामरच्या ग्रानली सोसायटीने विजेच्या गाड्यांसाठी हिवाळी समिती नेमली आणि सिगब्योर्न हाउगेनला तिचा अध्यक्ष केलं. (दुसऱ्या कुणी हात वर केला नव्हता. सिगब्योर्नचा हात स्वेटर काढताना वर गेला होता.)

अध्यक्षांनी तीन हिवाळे खपून एक परिपत्रक काढलं. उणे वीसच्या खाली बॅटरीतलं रसायन कामचुकार होतं, सबब गाडी सांगेल त्याच्या निम्मेच किलोमीटर खरे मानावेत. हीटर बॅटरी खातो, सबब तो लावू नये. लोकरीची अंतर्वस्त्रं दोन जोड घालावीत. बोलल्याने काचेवर वाफ धरते आणि ती घालवायला हीटर लागतो, सबब प्रवासात बोलू नये. (या शेवटच्या कलमावर विवाहित सभासदांचं पूर्ण एकमत झालं. सोसायटीच्या इतिहासात हे प्रथमच.)

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, उणे चोवीसात, परिपत्रकाची परीक्षा आली. सिगब्योर्नची आई रांगफ्रीद नव्वद वर्षांची होत होती. ती राहायची रोरोसला, सव्वादोनशे किलोमीटर दूर. केक तीनला कापणार, असं तिने कळवलं होतं, आणि ही बाई तीन म्हणाली की तीन. गेल्या वर्षी तो चारला पोचला तेव्हा केक संपला होता, आणि आईने पाहुण्यांदेखत त्याच्यापुढे उकडलेला बटाटा ठेवला होता. ते त्याला वर्षभर लागून राहिलं होतं. यंदा काही झालं तरी तीनच्या आत पोचायचंच, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

सकाळी निघताना गाडी म्हणाली, चारशे किलोमीटर. सिगब्योर्नने मनातल्या मनात दोनशे केले. बायको हाल्दिस मेंढीचं कातडं पांघरून शेजारी बसली होती.

तासाभराने ती म्हणाली, "माझे पाय गेले."

"बोलू नकोस. काचेवर वाफ धरतेय."

"पाय गेले तर कळवायचं कुणाला, ते आहे का तुझ्या परिपत्रकात?"

"चौसष्ट टक्के आहे," सिगब्योर्न समाधानाने म्हणाला.

बारा वाजता ते आल्वदालला चार्जिंगला थांबले. बॅटरी एकोणीस टक्के, रोरोस अजून लांब. दोन चार्जरपैकी एक गोठला होता. दुसऱ्याला एक लाल गाडी लावलेली होती, आत टोपी घातलेले एक आजोबा बसले होते, आणि चार्जरच्या पडद्यावर ठळक अक्षरांत दिसत होतं : शंभर टक्के.

सिगब्योर्न मागे थांबला. त्याच्यामागे आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या. सगळ्यांना पडदा दिसत होता. आता अनोळखी माणसाच्या काचेवर टकटक करायची, ही गोष्ट हाउगेन घराण्यात कुणी केली नव्हती. घराला आग लागली असती तरी त्याच्या बापाने शेजाऱ्याला चिठ्ठीच लिहिली असती.

वीस मिनिटं गेली. बॅटरी अठरावर आली. चाळीस मिनिटांनी सतरा.

"जा ना, सांग त्यांना," हाल्दिस म्हणाली.

"त्यांना दिसतोय की आपण."

"मग मी जाते."

"हाल्दिस, लोक बघतायत."

तासभर झाल्यावर ती कातड्यासकट उतरली आणि तिने काच ठोठावली. मागच्या दोन्ही गाड्यांतल्या माणसांनी शरमेने मान खाली घातली.

आजोबांनी काच उतरवली. "भरून कधीच झालीये हो. पण तुम्ही कुणी काही बोलेना. म्हटलं, यांना काही घाई नसेल. मी हललो तर उगाच तुमची धावपळ."

गारठलेली बॅटरी वीज घोटाघोटाने प्यायली. चार वाजून दहा मिनिटांनी, नऊ टक्के शिल्लक राखून, ते आईच्या दारात उभे राहिले. सिगब्योर्नला दिवसभर एकच काळजी खात होती, आणि तीच तोंडून आली.

"आई, बाहेर प्लग कुठेय गं?"

रांगफ्रीदने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "गोठ्याच्या भिंतीला. गाडीचं झालं की माझी किती टक्के उरलीये तेही विचार एकदा."

मग तिने हाल्दिसला झाकून ठेवलेला केक दिला. सिगब्योर्नपुढे बटाटा आला. तो त्याने सालासकट खाल्ला आणि पुढच्याच आठवड्यात परिपत्रकात नवं कलम घातलं : आईच्या घरी पोचल्यावर प्लगची चौकशी दुसऱ्या वाक्यात करावी.

वाचकांना ही मंडळी फार मजेशीर वाटली असतील. हरकत नाही. तुमच्या फोनची बॅटरी आत्ता किती टक्के आहे, ते तुम्हाला न बघता सांगता येईल. त्याच फोनवरून आईशी शेवटचं कधी बोललात, तेवढं आठवून सांगा. सावकाश सांगा. तीही काही काच ठोठावणाऱ्यांतली नाही.