गड्डम सरांना अट मान्य नाही

“मी वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत” या वाक्याशेजारच्या चौकोनात खरं बोलून टिचकी मारणारा माझ्या माहितीतला एकमेव माणूस म्हणजे आमचे गड्डम सर. आपण सगळे तिथं डोळे झाकून खोटं बोलतो. मी तर दिवसातून दोनदा बोलते आणि मला त्याचं काही वाटतही नाही. सर मात्र चष्मा पुसतात, खुर्ची पुढं ओढतात आणि पहिल्या कलमापासून वाचायला बसतात.

गेल्या वर्षी शाळेनं हजेरीसाठी एक ॲप घ्यायला लावलं. आम्ही सगळ्यांनी ते मधल्या सुट्टीत भजी खाता खाता घेतलं. सर चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “कलम एकोणीस बघितलं काय ओ बाई? चूक त्यांची झाली तरी जबाबदार तुम्ही. मान्य केलंय की तुम्ही.”

“मी? कधी?”

“सोमवारी. भजी खाताना.”

आमची शाळा सोलापुरात, विणकरांच्या भवानी पेठेत आहे. मी मराठी शिकवते, जुळे सोलापुरातून स्कूटीवर येते आणि कॉम्प्युटरला शक्यतो हात लावत नाही. सर कॉम्प्युटर शिकवतात. त्यांच्या लॅबमध्ये चौदा कॉम्प्युटर आहेत आणि चौदाही कुणी ना कुणी टाकून दिलेले. कुठल्या ऑफिसनं नवे घेतले की जुने भंगारात जायच्या आत सर रिक्षा घेऊन हजर होतात. प्रत्येक डबा उघडायचा, धूळ काढायची, एकाची स्मरणशक्ती दुसऱ्याला लावायची आणि त्यावर लिनक्स हे फुकट, कुणालाही उघडून बघता येणारं सॉफ्टवेअर चढवायचं, हा त्यांचा दिवाळीच्या सुट्टीतला फराळ. विकत घ्यायचं आणि आत काय आहे ते बघू न देणारं सॉफ्टवेअर त्यांना चालत नाही. खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर असतो. कुठलीही नवी वस्तू समोर आली की पहिला प्रश्न एकच, “उघडतंय काय?” माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आले, तेव्हा बोलक्या बाहुलीकडं बघूनही त्यांनी तेच विचारलं. मुलगी बाहुली घेऊन आतल्या खोलीत पळाली.

हे वेड आहे असं मी बरेच दिवस समजत होते. मग एकदा हेडसरांनी मला गड्डम सरांच्या तासाला बसायला पाठवलं आणि माझा समज बदलला.

सरांचे वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. त्या मागावर चढवायची पुठ्ठ्याची कार्डं सरांनी जपून ठेवली आहेत. भोकं पाडलेली, दोऱ्यानं एकमेकांना शिवलेली लांबच लांब माळ. ती त्यांनी लॅबभर पसरली आणि सातवीच्या पोरांना म्हणाले, “हे तुमच्या आजोबांचं सॉफ्टवेअर. भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. बघा, यात मोर कुटं लपलाय?” भवानी पेठेतल्या पोरांना माग काय सांगायचा! ती गुडघ्यावर बसून भोकं वाचू लागली. एका मुलीला एक भोक चुकीच्या जागी सापडलं. “सर, हितं मोराला दुसरी मान फुटंल की!”

सरांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. “शाब्बास! तुला चूक दिसली, म्हणून दुरुस्त करता येईल. ही माळ जर पेटीत कुलूप लावून ठेवली असती, तर आपण जन्मभर दोन मानांचे मोर विणत बसलो असतो.” मग त्यांनी स्क्रीनवर मुलांच्या रोजच्या चित्रकलेच्या प्रोग्रामचं पोट उघडलं आणि त्याच मुलीकडून त्यात एक ओळ बदलून घेतली. पडद्यावरचा ब्रश जाड झाला. त्या मुलीनं स्वतःच्या बोटांकडं असं बघितलं की मला उगाचच भरून आलं. एकवीस वर्षं शिकवते आहे मी, माझ्या तासाला कुणी असं बोटांकडं बघितलेलं नाही.

या माणसासमोर यंदा एक सही येऊन उभी राहिली. एक कंपनी शाळेला वीस नवेकोरे कॉम्प्युटर आणि तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर तीन वर्षांसाठी फुकट द्यायला तयार झाली. जुनी लॅब काढून टाकायची आणि लॅबप्रमुख म्हणून गड्डम सरांनी करारावर सही करायची, एवढंच. हेडसरांना आभाळ ठेंगणं झालं. कंपनीचा तरुण, टाय लावलेला प्रतिनिधी करार घेऊन आला आणि सर वाचायला बसले. दोन तास उलटले. प्रतिनिधीनं टाय सैल केला. “सर, हे कुणी वाचत नाही हो.”

“मग लिहिलंय कुणासाठी?” सरांनी मनापासून विचारलं.

सोळाव्या कलमात त्यांचं बोट थांबलं. मुलांनी केलेलं सगळं काम त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडणार होतं, आणि करार संपला की तिथंही उघडायचं बंद होणार होतं. सरांनी करार मिटून ठेवला. “हे मान्य नाही.”

पालकसभा झाली. सर उभे राहिले आणि माणसं जिंकायची सोडून कलमं वाचू लागले. लोक जांभया द्यायला लागले. टेम्पोचा धंदा असलेले मुनीरभाई उठले. त्यांची मुलगी नववीत. “सर, तुमचं खरं असंल. पण ऑफिसां में जो चलता, वोइच सिकाव ना बच्ची कू. नोकरी मांगने जाएगी तो कौन पूछेगा तुमारा लिनक्स?” टाळ्या पडल्या. मलाही त्यांचं पटलं, खोटं कशाला बोलू. हेडसर म्हणाले, “गड्डम, एवढा हट्ट कशासाठी?” सरांनी करार मिटला आणि ते खाली बसले.

मग हेडसरांनी करार माझ्या पर्समध्ये घातला. “तुमचं ऐकतील. सही घेऊन या.” रविवारी दुपारी मी अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या घरी गेले. जाताना स्कूटीवर चार चांगली वाक्यं पाठ केली होती.

दार उघडंच होतं. सर एका जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर नुसता कचरा होता, उलटेसुलटे इंग्रजी स्वर, टोप्या घातलेली अक्षरं, चिन्हं. शेजारी वही, आणि वहीत प्रत्येक चिन्हापुढं एक मराठी अक्षर लिहिलेलं.

“काय करताय सर?”

“पद्मा वाचतोय,” ते म्हणाले.

पद्माबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. आमच्याच शाळेत पहिलीला शिकवायच्या. मी शाळेत येण्याआधीच त्या आजारपणात गेल्या, त्यामुळे मी त्यांना फोटोतच बघितलेलं. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून इथं आलेल्या विणकरांची मुलं पहिलीत येतात तेव्हा घरून फक्त तेलुगू घेऊन येतात आणि मराठी वर्गात गप्प बसून राहतात. त्या मुलांसाठी बाईंनी स्वतः धडे लिहिले होते. इल्लु म्हणजे घर, नीळ्ळु म्हणजे पाणी, असे छोटे छोटे. त्या काळात मराठी टाईप करायचं सॉफ्टवेअर विकत मिळायचं आणि त्याबरोबर एक डोंगल यायचं. ते कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचलं तरच मराठी दिसायची. बाई गेल्या, पुढं डोंगल बिघडलं, आणि सर नवं आणायला गेले तर ती कंपनीच राहिली नव्हती.

“सगळं हाय ओ बाई. एक पान हरवलेलं नाही. फक्त उघडत नाही.”

हाताशी असलेल्या थोड्या छापील पानांशी ताडून, एकेक चिन्ह ओळखत, सर गेली नऊ वर्षं त्या फाइली सोडवत होते. त्यासाठी स्वतः प्रोग्राम लिहिला होता. बहुतेक धडे परत मराठीत आले होते. एकच राहिला होता, कधीच न छापलेला, शेवटच्या आजारपणात लिहिलेला. ताडायला कागद नाही आणि निम्मी चिन्हं वेगळीच.

“ती लिहायची अन् मी नव्या मशिनी शोधत हिंडायचो. काय लिहितीस म्हणून विचारलंसुद्धा नाही,” सर म्हणाले. “पोरांचं काय होईल ओ? तीन वर्षांनी ती आपलंच काम बघायला जातील अन्…” त्यांनी पडद्याकडं हात केला.

पाठ केलेली चारही वाक्यं मी सोडून दिली. पर्समधला करार मी बाहेर काढलाच नाही. मला इतकंच कळलं की हा माणूस आमच्या सगळ्यांपेक्षा फार मोठा आहे, आणि आपण त्याला नुसतं हसत आलो.

सोमवारी मी हेडसरांना करार तसाच परत दिला आणि काय बघितलं ते सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, हे त्यांचं मोठेपण. कंपनीला कळवलं, सोळावं कलम बदला. कंपनीनं बदललं नाही. वीस कॉम्प्युटर दुसऱ्या शाळेत गेले आणि हेडसर पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. लॅब राहिली. सरांनी मुनीरभाईंना घरी जाऊन सांगितलं की तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ऑफिसातलं सॉफ्टवेअर शिकवायला एक वेगळं मशीन मांडलं. त्याच्या अटी वाचायला त्यांना नऊ दिवस लागले.

मी मात्र दर रविवारी जाऊ लागले. मराठी शब्दांचा अंदाज मी करायचा, तेलुगूचा सरांनी. अडलेल्या चिन्हांपैकी एकेक सुटत गेलं. मागच्या रविवारी शेवटचं सुटलं. सरांनी बटण दाबलं, पडदा क्षणभर कोरा झाला आणि त्यावर स्वच्छ मराठी उमटली. सरांना वाचवेना. त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि मी मोठ्यानं वाचलं.

“हे आमचे घर. घरात मी आणि सर. मी आजारी आहे. सर चहा करतात. चहा गोड नसतो. मी छान म्हणते. सर हसतात. मला सर हसलेले आवडतात.”

बाहेर कुणाचा तरी माग खडखडत होता. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातलाच नाही.

“दोन चमचे साखर मोजून टाकायचो ओ बाई,” ते म्हणाले. “सांगायचं की तिनं.”