अप्पांचं रविवारचं दुखणं

आजारी पडायचं अप्पांनी चहा पिता पिता ठरवलं. तशी प्रकृती ठणठणीत होती आणि खरं दुखणं तेच होतं. ठणठणीत माणसाला कोणी काही विचारत नाही. बायको वारली, हेडक्लार्कची खुर्ची सुटली, आणि घरात आवाज करणारा एकच प्राणी उरला, तो म्हणजे फ्रिज. (तोही मध्येच गप्प व्हायचा.)

अशात गावातल्या एकमेव हॉस्पिटलच्या फाटकावर पाटी लागली. डॉक्टर व्हायचं मनात असलेल्या मुलामुलींसाठी तिथे रविवारचा वर्ग चालायचा. त्यांना सरावासाठी खोटे पेशंट हवे होते. पलंगावर पडायचं, नेमून दिलेलं दुखणं सांगायचं, आणि मुलं प्रश्न विचारणार. कधीपासून त्रास होतोय? झोप लागते का? घरी कोण कोण असतं?

अप्पांनी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. झोप लागते का, हे त्यांना शेवटचं कोणी विचारलं होतं ते आठवेना.

असले वर्ग अप्पांना नवे नव्हते. एकुलता एक मुलगा त्यांनी या वर्गांवरच वाढवला होता. इतर पोरं धुळीत लोळायची तेव्हा हे चिरंजीव शनिवारी ‘छोटे सर्जन’मध्ये आणि सुट्टीत ‘हृदयाची ओळख’ शिबिरात. कॉलेजात जायच्या आधीच पोराला अंगातली सगळी हाडं पाठ. तुला काय व्हायचंय, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं. (राहून गेलं कसलं! विचारायचं असतं, हेच या मंडळींच्या गावी नसतं. पोरगं म्हणजे यांना स्वतःची राहून गेलेली परीक्षा वाटते.) दुसऱ्या वर्षाला पोरानं मेडिकल सोडलं आणि गॅरेजमध्ये काम धरलं. “माफी मागेपर्यंत या घराचं तोंड बघू नकोस,” अप्पा गरजले. पोरगं आज्ञाधारक निघालं. त्यानं घराचं तोंड बघितलं नाही, आणि पुढे अप्पांना पाझर फुटला तरी त्यांचा फोन उचलला नाही.

तर पहिल्या रविवारी अप्पांच्या वाट्याला पोटदुखी आली.

“कुठे दुखतं, अप्पा?” एका चष्मेवाल्या मुलीनं वही सरसावत विचारलं.

“कुठे कुठे म्हणून सांगू, बाळ,” म्हणत अप्पा जे सुटले ते थेट ऑफिसातल्या पहिल्या बढतीपर्यंत पोचले. पोटाचा नंबरच लागला नाही.

“अप्पा, फक्त पोट!” वर्ग चालवणाऱ्या मॅडम दारातून ओरडल्या.

“मॅडम, सगळं पोटातच साचलंय हो.”

मुलं हसली. अप्पांना वाटलं, आपण गाजलो. पुढच्या रविवारी साध्या खोकल्यासाठी ते इतके तळमळले की शेजारच्या वॉर्डातून खरी नर्स धावत आली.

मग आला महत्त्वाचा धडा: नातेवाइकांना वाईट बातमी कशी द्यावी. अप्पांनी अखेरच्या घटका मोजत पडायचं, मुलांनी घरच्यांचा नंबर विचारायचा आणि फोन लावायचा. अप्पांनी नंबर द्यायचा तो पलीकडच्या खोलीचा. तिथे मॅडम पेशंटची मुलगी होऊन बसल्या होत्या. अप्पांच्या चेहऱ्यावर पावडर थापून त्यांना पांढरंफटक केलं होतं.

“अप्पा, घरच्यांचा नंबर?” चष्मेवालीनं विचारलं.

आणि अप्पांच्या तोंडून, अप्पांना न विचारता, मुलाचा नंबर बाहेर पडला.

नंबर अनोळखी, म्हणून त्यानं उचलला.

“नमस्कार. आधी आपण बसून घ्या,” मुलीनं शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली.

“बसू कसा? मी गाडीखाली आडवा आहे. कोण बोलतंय?”

“हॉस्पिटलमधून. आपल्या वडिलांबद्दल जे सांगणार आहे, ते ऐकायला कठीण आहे...”

इथे थांबायचं, असं मॅडमनी शिकवलं होतं. पोरगी हुशार. ती इतकी सुरेख थांबली की पलीकडे पाना पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

पलीकडच्या खोलीत मॅडम रडायच्या तयारीत फोनकडे बघत बसून राहिल्या. इकडे थोड्याच वेळात ग्रीसनं माखलेला मुलगा धाडकन आत शिरला, मुलांना बाजूला सारत पलंगाशी आला आणि त्यानं अप्पांचा हात धरला.

“अप्पा, मला सांगायचं नाही का?”

कोणत्याही शहाण्या माणसानं इथे डोळे उघडून खरं काय ते सांगितलं असतं. अप्पांनी काय केलं? कण्हले. हात आणखी घट्ट झाला. अप्पा आणखी कण्हले. तिसऱ्या कण्हण्याला त्यांनी एक झटकाही जोडला, आणि तिथेच घात झाला. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेल्या पोराची बोटं मनगटावर सरकली.

“नाडी तर माझ्यापेक्षा बरी चाललीय.” त्यानं अप्पांच्या गालावरून अंगठा फिरवला. पावडर निघाली, ग्रीस लागलं. “उठा.”

“तू फोन उचलत नाहीस, म्हणून...”

“म्हणून मरायचं? खोटं खोटं?”

“तुला डॉक्टर करायला मी काय काय...”

“मी कधी म्हणालो होतो, करा म्हणून? एकदा तरी विचारलंत?”

मग मुलांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. हाही धड्याचाच भाग, असं त्यांना वाटलं होतं. आरडाओरडा ऐकून आलेल्या मॅडम दारातच डोळे पुसत होत्या.

“दादा, माझं काय चुकलं?” चष्मेवालीनं भीतभीत विचारलं.

मुलगा तिच्यावर खेकसणार होता. पण ती खरंच विचारत होती. तो खुर्ची ओढून बसला. “‘कठीण’ म्हणालीस आणि गप्प झालीस ना, तिथे माणूस अर्धा मरतो. आधी सांगायचं, जिवंत आहेत.” मग तो बोलतच राहिला. मुलं भोवती गोळा झाली. आपला मुलगा इतकं बोलतो, हे अप्पांना पलंगावरून प्रथमच कळत होतं.

“इतका अस्सल नातेवाईक आम्हाला आजवर मिळाला नाही,” मॅडम त्याला म्हणाल्या. “दर रविवारी याल?”

त्यानं मुलांकडे पाहिलं आणि “येईन” म्हणाला.

दर रविवारी! आठवडाभर अप्पा आरशासमोर मरायचा सराव करत होते. रविवारी दाढी घोटून, धुवट सदरा घालून ते वेळेच्या आधीच हजर झाले.

मॅडमनी त्यांना दारातच अडवलं. “अप्पा, पेशंट आम्ही बदललाय. खरे बापलेक एकत्र आले की भांडण होतं आणि धडा राहतो. शिवाय तुम्ही जरा जास्तच मरता.”

काचेतून दिसत होतं. पलंगावर एक रिटायर्ड बँकवाले पडले होते. (तिन्ही मुलं, सुना, नातवंडं, सगळं घरातच.) अप्पांचा मुलगा त्यांचा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून म्हणत होता, “अप्पा, मला सांगायचं नाही का?”

“मग मी... काहीच नाही?”

मॅडमना दया आली. “आहे ना. बाहेर बाकावर वाट बघत बसणारा म्हातारा. त्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याच्याशी कोणी बोलत नाही. नुसतं बसायचं.”

अप्पा बसले. वर्ग सुटल्यावर मॅडम खूश होऊन म्हणाल्या, “बघा! याला म्हणतात अभिनय.”