हळद लागलेली बंदूक

सुचेताच्या मुलीचे, चैत्रालीचे लग्न झाले त्या वर्षीची ही गोष्ट. जपानातल्या मोठ्या भूकंपाला तेव्हा सात वर्षे झाली होती. लग्न पुण्यात झाले, आणि उरलेली अर्धा किलो हळद सुचेताने सामानात कोंबून त्सुकुबाला परत आणली. लग्नाची हळद टाकू नये एवढेच तिला ठाऊक होते. ती पुढे कुठे कुठे शिरणार आहे हे कळले असते, तर तिने नारिताच्या विमानतळावरच ती कचऱ्यात घातली असती; तीसुद्धा जळणारा कचरा की न जळणारा, हे विचारून.

त्याच वर्षी जूनमध्ये शेजारचे नेमोतो-सान वारले. त्यांच्या मागे ऐंशीला टेकलेली बायको फुमिको-सान, अंगणातले एक झाड आणि एक रायफल राहिली. जपानात मालक गेला की बंदूक पोरकी होते. परवानेवाल्या दुसऱ्या कोणी ती घ्यायची, नाहीतर पोलीस तिचा चेंदामेंदा करतात. सुचेताचा नवरा जगदीश हा नेमोतो-सानांचा एकुलता एक चेला. धंद्याने मातीचा शास्त्रज्ञ. पण रानडुकरांनी त्याची प्रयोगाची रताळी उकरून खाल्ली, त्या रागात तो शिकारी झाला. भूकंपात अणुवीज केंद्र फुटले, तेव्हापासून डुकराच्या मांसात किरणोत्सार सापडू लागला, म्हणून पुष्कळांनी शिकार सोडली आणि डुकरांना माणसाची भीतीच उरली नाही. ती भर रस्त्यात उभी राहून मोटारींकडे टक लावून बघत.

रायफल दट्ट्याची होती. पहिली गोळी उडाली की तिच्याच वायूचा जोर दट्ट्याला मागे रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि दुसरी गोळी आपोआप आत सरकते. ज्याने स्टोव्हला पंप मारला आहे त्याला दट्ट्या समजावून सांगायला नको. बंदुकांचे दुकान चालवणारे आणि गावातल्या शिकाऱ्यांचे म्होरके इसोयामा-सान बंदूक जगदीशच्या हाती देताना म्हणाले होते, "दट्ट्याची बंदूक म्हणजे जुना गडी. भिजू दे, चिखलात पडू दे, काम करणार. नेमोतोची ही तर अकरा महिने बिनबोभाट चालायची."

"आणि बारावा?"

"जानेवारीत अडकते. दर वर्षी. डोंगरदेवी तिच्यावर हात ठेवते."

"थंडीनं वंगण घट्ट होत असेल."

"माझ्याकडे त्याच वंगणाच्या नऊ बंदुका आहेत," इसोयामा-सान शांतपणे म्हणाले. "त्या नाही अडकत."

परवान्याआधी पोलीस घरी आला. नवरा दारू पितो का, आरडाओरडा करतो का, भांडण होते का, असे त्याने सुचेताला विचारले. "भांडण होतं, पण ते पंख्यावरून," असे तिने खरे ते सांगितले. जाताना त्याने अदबीने वाकून बजावले, की कपाटाची किल्ली मालकाजवळच राहील. घरातल्या दुसऱ्या कोणी बंदुकीला बोटही लावले तर परवाना गेला म्हणून समजा. जगदीशने त्याच दिवशी किल्ली जानव्याला बांधली.

खंडेनवमीला सुचेता घरातली हत्यारे पुजत असे. विळी, कात्री, दोन सायकली, मोटार, जगदीशचा लॅपटॉप. त्या वर्षी ती ताट घेऊन घरभर फिरली आणि बंदुकीच्या कपाटापाशी येऊन थांबली. घरात एकच खरे शस्त्र, आणि तेच बिनपुजेचे! तेही मेलेल्या माणसाचे. हे घेऊन नवरा महिन्याभरात डोंगरात जाणार. पूजा व्हायलाच हवी. पण किल्ली?

किल्ली देव्हाऱ्यात होती. आदल्या वर्षी कचेरीच्या तपासणीत जगदीशच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसापाशी जानव्यातली सायकलची किल्ली दिसली होती आणि डॉक्टरने एक्स-रे दोनदा काढला होता. म्हणून यंदा तपासणीला जाताना त्याने बंदुकीची किल्ली काढून देवापुढे ठेवली. नेमकी खंडेनवमीला! देवच म्हणतोय तर आपण नाही म्हणणारे कोण, असे सुचेताला वाटले.

तिने बंदूक पाटावर आडवी ठेवली. लग्नाच्या हळदीची पातळ पेस्ट करून पाच बोटे ओढली, दस्त्यावर कुंकवाचा टिळा लावला, अक्षता टाकल्या. "यांना धड घरी आण ग बाई," म्हणून नमस्कार केला. मग ओल्या फडक्याने सगळे लख्ख पुसून बंदूक होती तशी ठेवली. नळीखालच्या लाकडाला हवेसाठी बारीक फटी असतात आणि पातळ हळद फटीतून आत उतरते, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

नोव्हेंबरच्या मध्यावर शिकारीचा मोसम उघडला. पहिल्याच दिवशी जगदीश दुपारी घरी आला तो पांढराफटक. बूट न काढता स्वयंपाकघरात आला, यावरूनच सुचेता समजली.

"अहो, काय झालं?"

"पाणी दे."

"बूट आधी!"

बूट काढून तो खाली बसला. "त्या ओसाड वाडीत होतो. भूकंपानंतर माणसं गेली ना, ती वाडी. धुकं होतं. पडक्या घरातून डुक्कर बाहेर आलं. मी गोळी झाडली, हुकली. दुसरी झाडायला गेलो तर नुसतं टक्. बंदूक मेली."

"मग? अंगावर आलं?"

"नाही ना! आलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्यासमोर बसलं, सुचेता. कुत्र्यासारखं. माझ्याकडे बघत."

"डुक्कर बसतं?"

"बसलं! आणि तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी खोकललं. दोनदा. नेमोतो-सान खोकायचे तसं, आधी बारीक, मग मोठ्यानं. मी वळून बघितलं तर कोणी नाही. परत वळलो तर डुक्कर पण नाही."

सुचेताच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्या काट्याच्या मुळाशी एक पिवळी शंका होती.

दुसऱ्या दिवशी बंदूक इसोयामा-सानांच्या दुकानात न्यायची होती. गाडी सुचेताने चालवली. फुमिको-सानना कुठून तरी बातमी लागली होती. त्याही काळा कोट घालून मागच्या सीटवर येऊन बसल्या. नवऱ्याचा आजारी मित्र बघायला निघाल्यासारख्या.

इसोयामा-सानांनी पांढऱ्या थाळीवर बंदूक उघडली. नळीखालचे लाकूड काढले, दट्ट्या बाहेर ओढला. त्यावर काजळीत मिसळलेला पिवळट थर होता. "गंजाची ही कुठली जात?" असे पुटपुटत त्यांनी त्यावर अमोनियाच्या उग्र वासाचे धुण्याचे औषध ओतले.

दट्ट्यातून रक्त निघाले.

लालभडक ओघळ थाळीभर पसरला. इसोयामा-सानांनी हात जोडले. जगदीश खुर्ची न बघताच बसला, आणि खुर्ची तिथे नव्हती.

सुचेता एकटी उभी होती. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तिला परकर नेसत होती तेव्हापासून ठाऊक होते. तीस वर्षे मातीची आम्लता मोजणारा तिचा नवरा मात्र जमिनीवर बसून रामरक्षा म्हणत होता.

"आत अजून काहीतरी आहे," इसोयामा-सान म्हणाले आणि चिमट्याने त्यांनी बंदुकीच्या पोटातून एक लालसर तांदळाचा दाणा काढला.

फुमिको-साननी तो दाणा तळहातावर घेतला. जपानात माणूस गेला की त्याच्या उशाशी भाताचा वाडगा ठेवतात. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरात तांदूळच नव्हते. मी कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून तयार भाताचं पाकीट आणलं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केला. नीट गरमसुद्धा झाला नव्हता. मधे गार होता. पंचावन्न वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस, आणि शेवटचा भात पाकिटातला! ते उपाशी आहेत, इसोयामा-सान. भात मागतायत."

"देवळात शुद्धी करून घेऊ," इसोयामा-सान म्हणाले. "नाहीच शांत झाली तर पोलिसांना देऊन टाकू. पण अर्जात कारण काय लिहायचं? बंदुकीला रक्त सुटलं?"

घरी येऊन सुचेताने ओजिमाला राहणाऱ्या चैत्रालीला फोन लावला.

"आई! तू बंदुकीला हळद लावलीस? याबाइ! माझ्या लग्नाची?" घाबरली की चैत्राली जपानीत "याबाइ", म्हणजे "बाप रे", म्हणे.

"उरली होती ग."

"बाबांना सांगितलंस?"

"त्यांना सांगून कसं चालेल? तोंडात तीळ भिजत नाही त्यांच्या. सरळ सायकल काढून चौकीत जातील आणि स्वतःच कबूल करतील. परवाना गेला, बंदूक गेली. नेमोतो-सानांची एवढी एक आठवण."

"मग डोन्ट टेल. भुतावर ढकल. भूत काय कम्प्लेंट करणारे?"

सल्ला काही वाईट नव्हता. सुचेताने तो पाळलाही असता. पण दोन घरांमधले कुंपण बुटके होते. फुमिको-सान आता तिन्ही त्रिकाळ ताजा भात रांधत, फोटोपुढे वाडगा ठेवत आणि स्वतः मात्र जेवत नसत. त्यांचे गाल आत गेले. एका संध्याकाळी भाजी घेऊन सुचेता गेली, तर फोटोपुढे सात वाडगे ओळीने ठेवलेले आणि त्या सगळ्यांतून वाफ निघत होती.

"ते काल आले होते," फुमिको-सान हळूच म्हणाल्या. "बाहेर खोकले. आत यायला लाजतात. रागावलेत माझ्यावर."

सुचेताने भाजी खाली ठेवली. परवाना जाईल, नवरा महिनाभर अबोला धरेल, सगळे तिला दिसत होते. पण ही बाई अशीच वाफेकडे बघत मरून गेली तर ते कोणाच्या माथी?

ती घरी जाऊन हळदीची पुडी आणि धुण्याचा साबण घेऊन आली. पांढऱ्या रुमालावर तिने हळद लावली. त्यावर ओला साबण घासला. रुमाल लालभडक झाला.

फुमिको-साननी रुमाल उचलून उजेडात धरला.

"तांदूळ?"

"तोपण माझाच. आमच्यात शस्त्राची पूजा करतात. ते धड घरी यावेत म्हणून. तुमचे मालक उपाशी नाहीत, फुमिको-सान. माझं चुकलं." सुचेताने जपानी पद्धतीने जमिनीला कपाळ टेकले, आणि मग राहवेना म्हणून आपल्या पद्धतीने त्यांचे पायही धरले.

डोक्यावरून खुसखुस ऐकू आली. रडतात की काय म्हणून तिने वर पाहिले, तर म्हातारी पदर नसल्यामुळे बाहीत तोंड खुपसून हसत होती.

"मी दारू ओतायचे, साके," त्या म्हणाल्या.

"कशात?"

"बंदुकीत. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी ती घेतली. पहिल्या नव्या वर्षाला देवाला साके वाहिली, तशी तिलाही घोटभर वाहिली. तुझ्यासारखीच, भक्तीनं. साके आत चिकटून बसली आणि बंदूक अडकली. महिनाभर हे घरी. कोटाट्सूच्या गरम टेबलाखाली पाय घालून बसायचे, संत्री सोलून मला द्यायचे."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी मुद्दाम," फुमिको-सान म्हणाल्या. "आणि मग दर वर्षी. किल्ली चहाच्या डब्यात असायची. डोंगरदेवी काय, इसोयामाला काहीही सांगा, पटतं."

दोघी खूप हसल्या. मग त्यांनी ते सात वाडगे वाटून घेतले आणि सुचेताच्या भाजीबरोबर संपवले.

शुद्धी ठरल्याप्रमाणे झाली. पुरोहिताने बंदुकीवरून कागदी झालर फिरवली, पुरुषमंडळी गंभीर उभी राहिली, दोघी बायका मान खाली घालून मागे उभ्या राहिल्या. कोणाला वाटले भक्तीने. धुऊन पुसून स्वच्छ झालेली बंदूक अर्थातच घड्याळासारखी चालू लागली. "दट्ट्याची बंदूक भरवशाची," इसोयामा-सान नव्या गिऱ्हाइकांना सांगू लागले, "फक्त मालक मेला की एकदा तिची समजूत काढावी लागते." जानेवारी आला आणि बंदूक अडकली नाही. जगदीश महिनाभर डोंगरात हिंडला, कानाला हिमदंश करून घेऊन आला.

"जानेवारीत नवऱ्याला घरी ठेवावं," फुमिको-सान कुंपणापलीकडून म्हणाल्या.

"मी नाही बाई आता त्या बंदुकीला हात लावणार."

"तू नको लावू," म्हातारी म्हणाली. "बघू."

पुढच्या जानेवारीत पहिल्याच रविवारी जगदीश सकाळीच परत आला. बूट मात्र त्याने दारात काढले.

"पुन्हा अडकली. पहिली गोळी झाली, आणि टक्." त्याने बंदूक पुढे धरली, पण हात लावू दिला नाही. "सुचेता, खरं सांग. तू काही केलंस का?"

"देवाशपथ नाही! किल्ली तुमच्या जानव्याला आहे. मला जानव्यातून काढून कोण देणार?"

"मग हा वास कसला?"

सुचेताने वाकून वास घेतला. नळीखालच्या फटींतून साकेचा गोडसर, शिळा नसलेला वास येत होता. तिने कोटाट्सूचे बटण लावले, जगदीशसमोर संत्र्यांची परडी ठेवली आणि "सोला" म्हणाली. मग ताजा भात रांधून एक वाडगा भरला, बोट घालून मधला भात गरम आहे ना ते पाहिले, आणि कुंपण ओलांडून शेजारच्या बंद दारापुढे नेऊन ठेवला. तिथे उभी असताना तिला वाटले, दाराआड कोणीतरी खोकलले. आधी बारीक, मग मोठ्याने. आणि त्यावर कोणीतरी बाहीत तोंड खुपसून हसले.

फुमिको नेमोतो त्या रविवारच्या आठच दिवस आधी, २०१९ सालच्या डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला पहाटे झोपेत वारल्या होत्या.