वामनरावांची मोटारबोट

मुलांनो, नीट बसा. एका जंगलात, जिथे झाडी संपते आणि खाडी सुरू होते तिथे, वामनराव नावाचं एक अस्वल राहत होतं. मध खात्यात तीस वर्षं शिक्के मारून ते नुकतेच निवृत्त झाले होते. आता काय करावं, असा विचार करता करता त्यांनी एक जुनी मोटारबोट घेतली.

बोट होती शेवंता पाणमांजरीची. शेवंताचा जन्मच पाण्यातला. बोट देताना ती म्हणाली, "काका, ही म्हातारी आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरा. मागे तळाला भोक आहे, त्याचं बूच लावल्याशिवाय पाण्यात सोडू नका. आणि पहिल्यांदा मला हाक मारा, मी बरोबर येते."

"शेवंता, मी या विषयावर चार पुस्तकं वाचली आहेत," वामनराव म्हणाले. खरं म्हणजे त्यांनी चारही पुस्तकांतली चित्रं पाहिली होती.

पुढचे पंधरा दिवस वामनरावांनी बोटीची खूप देखभाल केली. म्हणजे तिला रंग दिला. निळा आवडला नाही म्हणून वर हिरवा दिला. कप्तानाची टोपी शिवून घेतली. इंजिनाचं झाकण मात्र उघडलं नाही. उघडलं असतं तर आत काय आहे ते दिसलं असतं, आणि आपल्याला त्यातलं काही कळत नाही हेही दिसलं असतं.

एका सकाळी त्यांनी बायकोला, रेवतीबाईंना, बोटीत बसवलं. रेवतीबाईंना पोहता येत नव्हतं. शेवंताने दिलेलं तरंगणारं जाकीट त्यांनी अंगात चढवलं.

"तुम्हीही घाला ना."

"कप्तानाने जाकीट घातलं की प्रवासी घाबरतात."

"प्रवासी मी एकटीच. आणि मी आत्ताच घाबरलेय."

बोट झोकात निघाली. वामनरावांनी काठावरच्या बगळ्यांना हात केला. खाडीच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. वामनरावांनी दोरी ओढली. जोरात ओढली. मग इंजिनाला चुचकारून पाहिलं. ओहोटी लागली होती. बोट हळूहळू समुद्राकडे सरकू लागली.

"अहो, माझे पाय ओले झाले."

"खाडीवर हवा दमटच असते."

"हवा घोट्यापर्यंत आलीय!"

वामनरावांनी खाली पाहिलं. बूच घरी खिडकीत वाळत होतं. बोटीला शोभावं म्हणून त्यांनी तेही हिरवं रंगवलं होतं.

त्यांनी टोपी काढून भोकात कोंबली आणि वर बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं वजन कामाला आलं. रेवतीबाई उपम्याच्या डब्याने पाणी उपसू लागल्या.

"रेवती, मला यातलं काही येत नाही गं."

"ते मला ठाऊक आहे. ओरडा आता!"

वामनराव ओरडले. शेवंता आपली होडी घेऊन धावत आली आणि बोटीला दोर बांधून तिने दोघांना काठाला ओढून नेलं. तिथे सगळं जंगल जमलं होतं.

"इंजिनात काही दोष होता का?" एका बगळ्याने विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. पण वामनरावांनी कुडकुडणाऱ्या रेवतीबाईंकडे पाहिलं. "दोष माझ्यात होता," ते म्हणाले. "पेट्रोल जुनं ठेवलं मी. बूच विसरलो मी. आणि टोपीवर बसलोय तोही मीच."

बगळे खो खो हसले. थोड्या वेळाने वामनरावही हसले.

जंगलात स्वतःची चूक अशी कुणी कबूल केली नव्हती. बातमी सिंहमहाराजांपर्यंत गेली आणि त्यांनी वामनरावांना जलसुरक्षा मंडळाचं अध्यक्षपद दिलं.

"महाराज, हे काम शेवंताला द्या," वामनराव कळवळून म्हणाले.

"तिला कसला अनुभव?" महाराज म्हणाले. "ती कधी बुडालीच नाही!"

आता वामनराव गावोगाव भाषणं देतात. भाषण शेवंता लिहून देते. मधला हशा तेवढा त्यांचा स्वतःचा.

तात्पर्य : जाणकार व्हायचं असेल तर बोट नीट सांभाळावी. अध्यक्ष व्हायचं असेल तर चारचौघांदेखत बुडावं. फक्त बाहेर काढायला एखादा जाणकार जवळपास असावा.