वडिलांच्या खोलीतला काळा ओढा

निसर्गापासून माणूस फार दूर गेला आहे, आणि निसर्गाने याबद्दल अद्याप एकही तक्रार केलेली नाही. तरीही काही थोर माणसे त्याला उचलून घरी घेऊन येतात. आमचे साडू त्यांपैकी एक. विमा कंपनीत दावे नामंजूर करणाऱ्या खात्याचे ते वरिष्ठ आहेत. त्यामुळे दिवसभर न वापरलेली माया संध्याकाळपर्यंत बरीच साठते.

पूर्वी त्यांच्याकडे काचेच्या टाकीत रंगीत मासे, प्लास्टिकची झाडे आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या होता. पण असली करमणूक आता दातांच्या दवाखान्यांपुरती उरली आहे. जाणकार मंडळी जंगलातला काळ्या पाण्याचा ओढा हुबेहूब घरात उभारतात. त्याला लागते ते असे: कुजकी पाने, कुजके लाकूड, कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी, अंधार, आणि हे सगळे पाहून 'वा!' म्हणणारी माणसे. (दारातले झाड गाडीवर पाने पाडते म्हणून साडूंनीच अर्ज करून ते तोडवले होते. त्यामुळे पाने टपालाने मागवली. सुकी, निवडक, पाकीटबंद.)

घरातली एकच खोली ओढ्याला योग्य ठरली. तिथे ऊन येत नाही, ओल हटत नाही आणि कोणी फिरकत नाही. याच गुणांमुळे ती आधी साडूंच्या वडिलांना दिलेली होती.

वडिलांची हरकत नव्हती. (घर अजून त्यांच्याच नावावर आहे, पण हरकत घ्यायची सवय सुटली होती.) त्यांचे कपाट बाहेर गेले, खाट भिंतीला सरकली आणि पाच फुटी टाकी आत आली. आपल्याला सोबत झाली, असे त्यांनी शेजाऱ्यांना कौतुकाने सांगितले. एकदा मात्र ते सुनेला म्हणाले, "अगं, पाणी नासलंय बघ. बदलायला सांग त्याला."

"नासलेलं नाहीये ते, बाबा. नैसर्गिक आहे," साडू म्हणाले. पेल्याच्या तळाशी चहाचा डाग राहिला म्हणून त्याच सकाळी ते वडिलांवर खेकसले होते. तो डाग नैसर्गिक नव्हता.

मासे आठ. आकार करंगळीच्या नखाएवढा, रंग पाण्याचाच, स्वभाव भित्रा. पाहुण्यांपैकी साठ टक्क्यांना ते दिसले. उरलेल्या चाळीस टक्क्यांनी खरे सांगितले.

पुढे मासे पानांखालून बाहेर येईनासे झाले. साडूंनी रीतसर चौकशी केली, तेव्हा दोष वडिलांकडे निघाला: काठीची टकटक, पहाटेचा खोकला, आणि बाथरूमला जाताना लावलेला दिवा. जंगलातल्या ओढ्याकाठी यांपैकी काहीही आढळत नाही. तेव्हा काठीला रबर बसवले, खोकण्यासाठी गॅलरी नेमून दिली आणि बल्ब काढून घेतला.

मग एका पहाटे अंधारात ते टाकीच्या स्टँडवर आपटले. सुदैवाने काचेला तडा गेला नाही. तो गुडघ्याच्या वाटीला गेला. साडू टाकीसमोरून हलले नाहीत. आठही मासे मोजून होईपर्यंत त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. इतका जिव्हाळा हल्ली पाहायला मिळत नाही.

गुडघ्याचे प्लास्टर निघाल्यावर वडिलांच्याच सुरक्षिततेसाठी त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचे ठरले.

या छंदाचा एक कडक नियम आहे. नवा मासा नव्या पाण्यात एकदम सोडायचा नाही. धसका घेऊन मरतो. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवायची, दिवे मालवायचे, आणि वाटीवाटीने नवे पाणी घालत त्याला सवय करायची. साडूंनी त्यासाठी ऑफिसला रजा टाकली होती आणि आख्खी दुपार टाकीपाशी उकिडवे बसून काढली होती. वडिलांना त्यांनी चाळीस मिनिटांत सोडले. आश्रमाचे कार्यालय पाचला बंद होत होते आणि गाडी लावायला जागा नव्हती.

"इथे किती दिवस रे?" वडिलांनी विचारले. त्यांनी पिशवी अजून हातातच धरली होती.

"होईल हो सवय," साडू म्हणाले.

गाडी माझी होती आणि मी ती चालू ठेवून बसलो होतो. मला लाज वाटली. पण साडूंशी वाकडे घेऊन कसे चालेल? पुढच्या वळणावर मी ओढ्याची चौकशी केली.

ओढा उत्तम आहे. खोलीत आता चिटपाखरू नसते आणि मासे बिनधास्त हिंडतात. वडील जेवत नाहीत, असा आश्रमातून दोनदा फोन आला. नव्या जागी सुरुवातीला असे होतेच, असे साडूंनी त्यांना अनुभवाने समजावले.

ही हकिकत छापायला देण्याआधी मी बारा जणांना वाचायला दिली. सगळ्यांचे डोळे भरून आले. मग सात जणांनी टाकीची किंमत विचारली, तिघांनी पाने कुठे मिळतात ते विचारले. दोघांनी मात्र आश्रमाचा पत्ता घेतला. तिथे आणखी एखादी खाट रिकामी आहे का, एवढेच त्यांना हवे होते. आहे. आपणही वडिलांचे नाव लवकर नोंदवावे. आपले नोंदवायला मुले आहेतच.