वीस मिलीचे नाना

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी काय उभे राहता पाहुण्यासारखे? आणि आधी एक सांगा, तुमच्या घरी जुनी स्कूटर आहे? फवारणीचा पंप? पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं काहीही? मग त्यात ऑइल कसं टाकता हो? बाटली वाकडी करायची, भळाभळा ओतायचं आणि झाकण लावून मोकळं व्हायचं, असंच ना? शोभतं का हे? मी आपली प्रेमानं विचारतेय. आमच्या नानांनी विचारलं असतं तर तुम्हाला चहासुद्धा मिळाला नसता.

काशिनाथ नाना आमचे शेजारी. नाशिकच्या सिडकोत आमच्या भिंतीला भिंत लागून आहे, त्याला तीस वर्षं झाली. त्यांची एक निळी स्कूटर आहे. नाना तिला किक मारतात, ती सुरू होते, आणि नाना निघत नाहीत. मान वळवून मागच्या रिकाम्या सीटकडे बघत बसतात. चार-पाच श्वास. मग गिअर टाकतात. रोज, न चुकता. सगळी बिल्डिंग म्हणते, म्हातारा धूर तपासतो. मीही तेच म्हणायचे.

अंबडच्या एका कारखान्यात नाना स्टोअरकीपर होते. मोजून देणं आणि मोजून घेणं हाडात मुरलेलं. त्यांचा मंत्र एकच, "लिटरला वीस मिली." दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला गेलं तरी बोलणं फिरून तिथंच. म्हणून नाव पडलं वीस मिली. माप म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असतं ना, ते रेघांचं प्लॅस्टिकचं टोपण. दहाच्या रेघेपर्यंत दोनदा. भरताना टोपण डोळ्यांसमोर धरतात आणि श्वास रोखतात. तेवढ्यात कोणी हाक मारली तर सगळं परत ओतून पहिल्यापासून सुरुवात.

"नाना, दोन थेंब जास्त गेले तर काय बिघडतं? इंजिनला बरंच की," मी एकदा म्हणाले.

"वैनी, पोराला वाटीभर तूप पाजलं म्हणून पैलवान होतो का? खोकला होतो. इंजिनाचं तेच हाय."

आणि त्यांचं नाक! माझा भाऊ दत्तू निफाडला द्राक्षबाग करतो. त्याचा पाठीवरचा पंप धूर ओकायला लागला आणि ऐन फवारणीत बंद पडला. त्यानं टाकीतलं थोडं मिश्रण बाटलीत भरून माझ्याकडे धाडलं, रक्त तपासायला द्यावं तसं. नानांनी एक थेंब चिमटीत चोळला, हुंगला आणि डॉक्टरासारखी मान हलवली.

"वैनी, ह्यात ट्रॅक्टर हाय."

"अहो, एवढ्याशा बाटलीत ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टरचं ऑइल हाय. पंपाचं ऑइल पेट्रोलसंगं जळून गेलं पायजे, हे जळत नाय. आत राळ धरतंय. भाऊ तुमचा भाकरीला तुपाऐवजी ग्रीस लावतोय."

मी फोन केला तर दत्तू म्हणाला, "ताई, इंजिन ऑइल ते इंजिन ऑइल! घरात होतं ते टाकलं." मग गुपचूप टाकी रिकामी केली, प्लग साफ केला, नानांच्या मापानं ताजं मिश्रण घातलं, आणि दोरीच्या पहिल्याच झटक्याला पंप सुरू. त्या वर्षी द्राक्षाची पहिली पेटी नानांकडे आली. नानांनी पेटीचाही वास घेतला म्हणा.

तर अशा माणसाच्या दारावर गेल्या आठवड्यात नोटीस लागली. "धूर करणारी वाहने आवारात ठेवू नयेत." आवारात तसलं वाहन एकच. नवे चेअरमन खैरनार सर, सटाण्याकडचे, माणूस सरळ. एरवी पुस्तकातल्यासारखं बोलतात, चिडले की त्यांची अहिराणी बाहेर येते.

नाना जिना उतरून थेट त्यांच्यापुढे उभे राहिले. "सर, गाडी धूर करत नाय."

"नाना, पेट्रोलमध्ये ऑइल आणि जुनं इंजिन, धूर करणारच. स्कूटर भंगारात द्या. मुलीला सांगा, ती नवी घेऊन देईल."

भंगार म्हटल्यावर नानांचा चेहरा उतरला. पण आवाज तसाच. "रविवारी सकाळी समद्यांसमोर बघा. तुमचाच रुमाल आना. पांढरा, इस्त्रीचा. एक मिनिट सायलेन्सरमागं धरा. काळा झाला तर गाडी मी सोता ढकलत भंगारात नेतो."

"आणि नाही झाला तर मी नोटीस फाडतो," सर म्हणाले.

आता माझं पाप ऐका. शनिवारी दुपारी नाना दाढीला गेले होते. स्कूटर जिन्याखाली. माझ्या मनात आलं, उद्या तिची परीक्षा, बिचारीच्या पोटात चार थेंब जास्त असावेत. परीक्षेला जाणाऱ्या पोराच्या हातावर आपण दही जरा जास्तच घालतो ना, तसं. दुकानातून ऑइलची पुडी आणली, सीट उचलली आणि अख्खी पुडी टाकीत रिकामी केली. तीस वर्षं ज्या बाईनं "लिटरला वीस मिली" ऐकलं, त्या बाईनं!

रविवारी सगळी बिल्डिंग खाली. नानांनी किक मारली आणि निळ्या धुराचा असा लोट उठला की सर दिसेनासे झाले. आतून नुसता आवाज आला, "हाई काय शे? हाई काय शे?" म्हणजे, हे काय आहे?

नानांनी स्कूटर बंद केली. हुंगलं. त्यांच्या तोंडावरचं रक्तच गेलं. लोक हसायला लागले आणि मला राहवेना.

"थांबा, थांबा! नानांची चूक नाही. काल मी ओतलंय."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तीस वर्षांची भिंत कोसळते. पण ते हळूच म्हणाले, "अख्खी पुडी, वैनी?"

"अख्खी."

"तुमचा हात मोठा. शकूचाबी तसाच."

शकू म्हणजे त्यांची बायको, माझी मैत्रीण. मुलीला जुळी झाली तेव्हा पुण्याला गेली ती तिकडेच अडकली. वर्ष होत आलं.

सरांनी घड्याळ बघून पंधरा मिनिटं दिली. नानांनी नळी काढून टाकी रिकामी केली. पण घरात दुसरं पेट्रोल कुठलं, आणि पेट्रोलपंप लांब. नाना जिन्यापाशी थबकले, मग वर गेले आणि एक छोटा पत्र्याचा कॅन घेऊन आले. त्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तारीख आणि एकच शब्द, "वणी". चिकटपट्टीवरून एकदा अंगठा फिरवला. मग ओतला.

स्कूटर सुरू झाली. आधी पाइपातलं जुनं जळू दिलं. धूर निळा, मग पातळ, मग नाहीच. नाना म्हणाले, "धरा रुमाल."

सरांनी वीतभर अंतरावर रुमाल धरला. मी मनातल्या मनात साठ मोजत होते आणि पंचेचाळिसावर दोनदा अडखळले. मिनिट झालं. सरांनी रुमाल उन्हात पसरला, उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला.

"धूर कोठे शे? काहीच नई शे!"

"नीट बघा, सर," नाना म्हणाले. "हा इथं एक ठिपका हाय. मोहरीएवढा."

अहो, जिंकलेला माणूस स्वतःच्या विरुद्ध पुरावा दाखवतो का? नाना दाखवतात. "तेवढा लागतोच. तेवढाबी नसला तर आत कोरडं पडलं समजा."

सरांनी नोटीस तिथंच चार तुकडे करून फाडली आणि काय टाळ्या पडल्या म्हणता! वरच्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून फुलं टाकली, देवाची कालची होती पण टाकली. सरांना नानांनी मागे बसवलं आणि आवाराला फेरी मारली. सर दोन्ही हातांनी रुमाल झेंड्यासारखा धरून बसलेले.

दुपारी मी शिऱ्याची वाटी घेऊन क्षमा मागायला गेले. नाना ओट्याशी उभे होते. समोर पेट्रोल, ऑइल आणि ते टोपण. पत्र्याच्या कॅनवर नवी चिकटपट्टी लावत होते.

"नाना, हे वणी काय आहे?"

ते टोपण पुसत बसले. मग म्हणाले, "हे टोपण शकूच्या औषधाचं. लग्नानंतर तिला गाडीवर मागं बसवलं की धुरानं खोकायची. मी ऑइल कमी करत गेलो. वीस, पंधरा, दहा. खोकला गेला, पन वणीच्या रस्त्याला इंजिन जाम झालं. दोघांनी ऊन डोक्यावर घेऊन गाडी ढकलली. तेव्हा ती म्हनली, मला थोडं खोकू द्या, पन हिला उपाशी नका ठेवू. तेव्हापासून वीस."

"आणि मागे वळून बघता ते?"

"ती खोकते का बघायचो. मान वळायची सवय लागली, वैनी. आता कोन नसतं तरी वळती."

नव्या गाड्यांच्या उंच सीटवर शकूचा पाय चढत नाही. ती आली की पहिल्याच दिवशी याच स्कूटरवरून वणीच्या देवीला जायचं ठरलंय. कधी येईल सांगता येत नाही, म्हणून कॅन भरलेला. महिना झाला की ते मिश्रण स्कूटरमध्ये संपवायचं आणि वणीसाठी ताजं करायचं. वर्षभर चाललंय हे. फोनवर तिला म्हणतात, मी मजेत, तू पोरांचं बघ.

तर शकू, हे सगळं लिहून मी तुला पुण्याला पाठवणारच आहे, तेव्हा आता तुझ्याशीच बोलते. स्कूटर जिंकली. तिला कोणी हात लावत नाही. जुळ्यांनाही घेऊन ये, मी सांभाळीन दिवसभर. कॅनवर कालची तारीख आहे, आणि मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात शिळं होतं हे तुला काय सांगायचं. त्याच्या आत ये.